इंटेल आयमॅक सोडून मॅक मिनी घेताना

प्रश्न: ऑफिसात २०१७चा इंटेल आयमॅक आहे. त्यावर बूट कॅम्पमधून विंडोज सुरू करून हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरतो. एम-चिपचा मॅक मिनी घेतला तर सगळं तसंच चालेल का? जुना स्कॅनरही आहे.

उत्तर: सगळं नाही. बूट कॅम्प तर गेलंच. मॅकच्या आतच विंडोज चालवणाऱ्या पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोज ११ची आर्म आवृत्ती (एम-चिप इंटेलची नाही, आर्म प्रकारची असते) टाकता येते आणि त्यात बरीचशी इंटेल सॉफ्टवेअर चालतात. पण ड्रायव्हर, म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर, आर्मचंच लागतं. तुमचं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगलवर (परवान्यासाठी लावायच्या यूएसबी किल्लीवर) चालत असेल, तर आधी कंपनीला आर्म ड्रायव्हरबद्दल विचारा. घोडं बहुधा तिथेच अडतं.

मॅकची इंटेल ॲप्स ॲपलचं रोझेटा २ हे सॉफ्टवेअर एम-चिपसाठी भाषांतर करून चालवतं. पहिल्यांदा उघडताना वेळ लागतो, तो भाषांतराचा; घाबरू नका. मात्र ॲपल ही सोय सर्वसाधारण ॲप्ससाठी मॅकओएस २७पर्यंतच देणार आहे, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका. ऑप्शन कळ दाबून ॲपल मेनूतून सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. ॲप्लिकेशन्सच्या यादीत ‘काइंड’खाली ‘युनिव्हर्सल’ (इंटेल आणि आर्म दोन्हींवर चालणारं) दिसलं तर चिंता नाही. ‘इंटेल’ असेल तर नवी आवृत्ती शोधा.

प्लगइनची, म्हणजे ॲपला जोडायच्या छोट्या पुरवणी सॉफ्टवेअरची, गोम वेगळी. आर्म ॲपमध्ये इंटेल प्लगइन सहसा दिसतच नाही. ॲप युनिव्हर्सल असेल तर फाइंडरमध्ये त्याच्या ‘गेट इन्फो’त ‘ओपन युजिंग रोझेटा’वर खूण करा.

रोझेटा कर्नल एक्स्टेन्शनला (सिस्टिमच्या गाभ्यात बसणाऱ्या, ड्रायव्हरसारख्या सॉफ्टवेअरला) हात लावत नाही, त्यामुळे स्कॅनरचा जुना ड्रायव्हर तसा असेल तर चालणार नाही; म्हणून स्कॅनरसाठी आधी मॅकचं इमेज कॅप्चर करून पाहा. रॅम नंतर वाढवता येत नाही. विंडोजही चालवायचं तर १६ जीबीच्या खाली जाऊ नका.