मध्यरात्रीचा सूर्य ओस्लोत दिसतो का?

प्रश्न : जूनमध्ये मुलाकडे ओस्लोला जातेय. मध्यरात्रीचा सूर्य दिसेल ना? आम्ही जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही; तिथे कसं करायचं? – एक आजी, सांगली

उत्तर : आजी, ओस्लोत नाही दिसणार. त्यासाठी साडेसहासष्ट अंश उत्तर अक्षांशाच्या वर जावं लागतं. ओस्लो ६० अंशांवरच आहे. तरी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे सूर्य पावणेअकराच्या सुमारास मावळतो, चारच्या आत उगवतो. जेवायला वेळच वेळ! खरी मजा नॉर्वेच्याच पार उत्तरेकडच्या ट्रॉम्सो शहरात. साधारण २० मे ते २२ जुलै तिथे सूर्य मावळतच नाही. मध्यरात्री तो उत्तरेला असतो, म्हणून हॉटेलात उत्तरेची खिडकी मागा. झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टी न्या. तिथल्या जेवणाची वेळ मात्र मी साताऱ्यात बसून ठरवणं बरं नव्हे, ती महाराजांनाच विचारा.