अमेरिकेत ओटीपी येत नाही, मग कार्ड सुरक्षित कसं?

पुण्याहून न्यू जर्सीला यायच्या तयारीत असताना तुम्ही विचारलंय की इथे ऑनलाइन पैसे भरताना ओटीपी येत नाही हे खरं का, आणि मग कार्ड वापरणं धोक्याचं नाही का. ओटीपी सहसा येत नाही, हे खरं आहे. धोक्याबद्दल मात्र नीट सांगायला हवं, कारण या भीतीपोटी बरेच जण इथे आल्यावर क्रेडिट कार्ड टाळून डेबिट कार्ड वापरतात आणि जास्त अडचणीत येतात.

आपल्याकडे ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची केली. अमेरिकेत तसा सरसकट नियम नाही. कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे आणि पत्ता भरला की काम होतं. यातला पत्ता फार महत्त्वाचा. घर क्रमांक आणि झिप कोड (इथला पिनकोड) तुमच्या बँकेकडच्या नोंदीशी ताडून बघतात, जुळलं नाही तर दुकानदार व्यवहार नाकारू शकतो. त्यामुळे घर बदललं की बँकेत पत्ता लगेच बदला. न्यू जर्सीचे झिप शून्याने सुरू होतात, ते शून्य गाळू नका.

पेट्रोल पंपावरही हाच झिप विचारतात. न्यू जर्सीत स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे, पंपावरचा माणूस भरून देतो. पण शेजारच्या पेनसिल्व्हेनियात गेलात की मशीन झिप मागेल, आणि भारतीय कार्डाला तो नसतोच. अशा वेळी सरळ आत काउंटरवर जाऊन आधी पैसे द्यायचे.

हॉटेलात वेटर कार्ड घेऊन आत जाईल. घाबरू नका, इथली पद्धतच ती आहे. परत आणलेल्या पावतीवर टिप आणि एकूण रक्कम लिहून सही करायची. टिप धरून अंतिम रक्कम नंतर खात्यावर चढते, म्हणून पावतीचा फोटो काढून ठेवा. दुकानात मात्र सही सहसा मागत नाहीत, मोठ्या कार्ड कंपन्यांनी एप्रिल २०१८ मध्ये ती अट काढली.

आता मूळ मुद्दा. भारतात पैसे जाण्याआधी तुम्हाला विचारतात. इथे पैसे गेल्यावर तुम्ही हरकत घ्यायची, आणि त्यासाठी कायदा भक्कम आहे. १९७४च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्यानुसार क्रेडिट कार्डाचा कुणी गैरवापर केला तर तुमची जबाबदारी जास्तीत जास्त ५० डॉलर, आणि बहुतेक बँका तेवढेही घेत नाहीत. चुकीच्या नोंदीवर स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी तक्रार करायची. डेबिट कार्डाचं तसं नाही. ते हरवल्याचं किंवा चोरीला गेल्याचं कळल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर ५० डॉलर, उशीर केलात तर ५०० पर्यंत, आणि स्टेटमेंटनंतर ६० दिवस गप्प राहिलात तर त्यापुढे गेलेले पैसे परत मिळतीलच असं नाही. शिवाय मधल्या काळात पैसे तुमच्या खात्यातून गेलेले असतात आणि भाडं तोंडावर असतं. म्हणून रोजच्या खर्चाला क्रेडिट कार्डच वापरा, प्रत्येक व्यवहाराचा अलर्ट चालू ठेवा आणि स्टेटमेंट ओळ न ओळ वाचा. आल्याआल्या क्रेडिट इतिहास नसतो, तेव्हा अनामत ठेवून मिळणारं सिक्युअर्ड कार्ड घ्या.

निघण्यापूर्वी भारतीय कार्डावर आंतरराष्ट्रीय वापर चालू करा, पण मर्यादा कमी ठेवा. परदेशी साइटवर त्या कार्डालाही ओटीपीशिवाय पैसे जाऊ शकतात. इथलं कार्ड मिळालं की तो वापर बंद करून टाका.

भारतातला मोबाइल नंबर सोडू नका. तिकडच्या साइटवर तुमच्या भारतीय कार्डाचा ओटीपी त्याच नंबरवर येणार. रोमिंग इथे येण्याआधीच सुरू करून घ्या, आणि बँक ईमेलवर ओटीपी देत असेल तर तेही करून ठेवा. अमेरिकी कार्ड भारतीय साइटवर बरेचदा नाकारलं जातं, त्यामुळे आईवडिलांचं महावितरणचं बिल भरायला त्यावर विसंबू नका. अनिवासी झाल्यावर भारतातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचं रुपयातलं खातं, करावंच लागतं. काही बँकांत त्या खात्याला अमेरिकेतला नंबर जोडून यूपीआय वापरता येतं. तुमच्या बँकेत तशी सोय आहे का, हे पुण्यातल्या शाखेत जाऊन आत्ताच विचारून घ्या.