हरलेल्या पिचरचं पान

अनेक आशीर्वाद.

बोस्टनला गेल्यापासून तुला बेसबॉलचं वेड लागलंय हे तुझ्या आईकडून कळलं होतंच. आता तू लिहितोस, ‘काका, गाजलेल्या सगळ्या मॅचेसची यादी पाठवा, सुट्टीत बघून संपवतो.’ अरे, ती यादी तुला कुठेही मिळेल. कूफॅक्स बघ, बमगार्नर बघ, हे गाजलेले पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, जरूर बघ. पण त्याच मॅचेसमध्ये समोरच्या टीममध्ये किंवा मधल्या इनिंग्जमध्ये जे घडलं, तिकडे कोणी फिरकत नाही. माझा जीव तिथे अडकलाय.

९ सप्टेंबर १९६५, लॉस एंजेलिसचं डॉजर स्टेडियम. ही मॅच मला स्कोअरकार्डावरूनच ठाऊक आहे. डॉजर्सच्या सँडी कूफॅक्सने शिकागो कब्जचे सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर बाद केले, त्यात १४ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद. परफेक्ट गेम, म्हणजे समोरचा एकही जण बेसवर पोचला नाही. समोर कब्जचा बॉब हेन्डली नावाचा डावखुरा पिचर होता. त्याने पूर्ण मॅचमध्ये हिट (फटका मारून बेस गाठणं) दिला एक. एकच! पाचव्या इनिंगमध्ये डॉजर्सच्या लू जॉन्सनला वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकटचा पहिला बेस) मिळाला, रॉन फेअर्लीच्या बंटवर (बॅटने हलकेच टेकवलेल्या चेंडूवर) तो दुसऱ्या बेसला पोचला, मग तिसरा बेस चोरायला पळाला आणि कॅचर क्रिस क्रगचा थ्रो थेट लेफ्ट फील्डमध्ये. जॉन्सन होम प्लेटवर. मॅचचा एकुलता एक रन, तोही हिटशिवाय. हिट आला सातव्यात, त्याच जॉन्सनचा, आणि त्याचा रनशी काडीचाही संबंध नव्हता. १-०. पाच दिवसांनी शिकागोत हेच दोघं पुन्हा समोरासमोर आले आणि हेन्डली २-१ने जिंकला. कूफॅक्सची गोष्ट रंगवून सांगणारे नेमकं एवढंच गाळतात, तेव्हा माझं डोकं फिरतं.

आता तुझ्या गावचा माणूस. २०१८ची वर्ल्ड सिरीज (अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका), बोस्टन विरुद्ध डॉजर्स, तिसरी मॅच, पुन्हा डॉजर स्टेडियम. नेहमीच्या नऊऐवजी १८ इनिंग्ज, सात तास वीस मिनिटं. ती संपली तेव्हा बोस्टनमध्ये पहाटेचे साडेतीन वाजले होते. बोस्टनचा पिचर नेथन इओव्हाल्डी खरं तर चौथी मॅच सुरू करणार होता. आधीच्या दोन्ही मॅचेसमध्ये त्याची एकेक इनिंग टाकून झालेली, आणि कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन आयुष्यात दोनदा. तरी बाराव्या इनिंगमध्ये त्याला माउंडवर, पिचरच्या उंचवट्यावर, आणलं. तेराव्यात बोस्टन २-१ पुढे, दोन आउट, एकच हवा होता. डॉजर्सच्या पुइगचा जमिनीवरून आलेला चेंडू बोस्टनच्या इयन किन्सलरने अडवला, पण थ्रो भरकटला आणि स्कोअर बरोबरीत. जिंकलेली मॅच दुसऱ्याच्या हातून निसटली आणि हा पठ्ठ्या चौदावी, पंधरावी, सोळावी, सतरावी टाकत राहिला. एकूण ९७ पिचेस! अठराव्यात डॉजर्सच्या मॅक्स मन्सीने होम रन मारला आणि रेकॉर्डमध्ये इओव्हाल्डीच्या नावापुढे हार लागली (बेसबॉलमध्ये विजय आणि हार एकेका पिचरच्या नावावर लिहितात). ड्रेसिंग रूममध्ये त्याच्या सहकाऱ्यांचे डोळे भरून आले होते. दुसऱ्या रात्री बोस्टन ०-४ पिछाडीवरून ९-६ जिंकलं, आणि पुढे सिरीजही. ती अख्खी बघ, हायलाइट्स नकोत. हायलाइट्समध्ये तुला फक्त मन्सी दिसेल.

उलटा प्रकारही असतो: विजय नावावर आणि तरी कोणाला पत्ता नाही. २०१४ची वर्ल्ड सिरीज, कॅन्सस सिटीत रॉयल्स विरुद्ध सॅन फ्रान्सिस्को जायंट्स, सातवी मॅच. जायंट्सच्या बमगार्नरने शेवटच्या पाच इनिंग्ज टाकल्या, ते सगळ्यांना पाठ आहे. त्याआधी त्याच टीमचा जेरेमी अफेल्ट दुसऱ्या इनिंगमध्ये आला आणि चौथी संपेपर्यंत त्याने रन दिला नाही. जायंट्सनी आघाडी घेतली तेव्हा रेकॉर्डवरचा पिचर तोच. त्या रात्री विजय आधी बमगार्नरच्या नावावर लागला, नंतर ऑफिशियल स्कोअररने तो अफेल्टला दिला. नियमाप्रमाणे बरोबरच. पण तोवर टीव्ही बंद करून लोक झोपले होते.

त्याच मॅचच्या तिसऱ्या इनिंगमध्ये थांब. पहिल्या बेसवर रॉयल्सचा केन, त्यांच्याच हॉस्मरचा मधून सणकून निघालेला चेंडू, आणि जायंट्सचा जो पॅनिक आडवा झेपावतो. उठायला वेळ नाही, म्हणून ग्लोव्हमधूनच चेंडू शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) क्रॉफर्डकडे ढकलतो, तिथून पहिल्या बेसला. हॉस्मर डोकं पुढे करून घसरला होता. आधी सेफ दिला, रीप्ले बघून आउट. पॅनिक त्या वर्षी नवखा होता. तो चेंडू सुटला असता तर बमगार्नरची गोष्ट उरली असती की नाही, मला शंका आहे.

माझ्या स्कोअरबुकात ही खेळी ४-६-३ एवढीच आहे. आता मुद्द्याचं सांगतो: यादी ठेवून दे आणि वही घे. शिवाजी पार्कला झाडाखाली बसून स्कोअर लिहिणारे असायचे ना, तसा बस. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५. शॉर्टस्टॉप मात्र ६, इथे सगळे चुकतात. मग डावीकडून उजवीकडे आउटफिल्ड ७, ८, ९. बॅट न फिरवता तिसरा स्ट्राइक खाल्ला तर के (K, स्ट्राइकआउटची खूण) उलटा काढायचा. पेन्सिल वापर, पेन नको; स्कोअरर निर्णय बदलतात. फोन खिशात ठेव, नाहीतर चौथ्या इनिंगपर्यंत तुझे रकाने मोकळे पडलेले असतील. पहिल्या काही वह्या वाचता येणार नाहीत, असू दे तशा. आणि सीट घेताना बुलपेन (राखीव पिचर्सची वॉर्मअपची जागा) दिसेल अशी घे. कोण उठला, कोण वॉर्मअप करून पुन्हा बसला, हे टीव्हीवर फारसं दाखवत नाहीत.

सुरुवात २०२५च्या वर्ल्ड सिरीजमधल्या तिसऱ्या मॅचपासून कर. तेच स्टेडियम, पुन्हा १८ इनिंग्ज. फ्रीमनचा होम रन आणि ओतानीचे वॉक्स तुला माहीत असतील. तू डॉजर्सच्या विल क्लाइनच्या शेवटच्या चार इनिंग्ज लिहून काढ, आणि टोरांटोच्या एरिक लाउअरच्याही. लाउअरने साडेचारपेक्षा जास्त इनिंग्ज एकही रन दिला नाही आणि त्याची टीम हरली. दोन्ही पानांचे फोटो पाठव. खाडाखोड असली तरी चालेल, पण शॉर्टस्टॉपला ५ लिहिलेला दिसला तर पान परत येईल.

तुझा,
काका