झाडं लावायला गाव येतं, उन्हाळ्यात पाणी कोण घालणार?

प्रश्न : आमचं गाव आष्टी तालुक्यात (जि. बीड) आहे. मंडळातर्फे दोन वर्षं गायरानात लागवड केली. पहिल्या दिवशी शंभरावर माणसं आली, दिवाळीनंतर चारच उरली. बरीच रोपं वाळली, उरलेली शेळ्यांनी खाल्ली. शेतकरी म्हणतात, "त्यात आमचं काय?" त्यांना कसं तयार करावं? आता आम्ही बांधावर लावू म्हटलं, तर तिथंही नकार. सावलीनं पीक जातं आणि पुढं झाड तोडू देत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

उत्तर : रामराम. "त्यात आमचं काय?" हा प्रश्न तुम्हाला आडमुठेपणाचा वाटला असेल, पण तो रास्त आहे. तोच शेतकरी रोजगार हमीतनं फळबाग मिळाली की स्वतःच्या रानात खड्डे घेतो, डोक्यावर हंडा नेऊन कलमं जगवतो. झाडाचा त्याला कंटाळा नाही. गायरानातल्या झाडाचं फळ, पाला, लाकूड कुणाचं, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही एवढंच.

म्हणून खड्ड्याआधी ग्रामसभा घ्या. गायरान सरकारी असतं, देखभाल ग्रामपंचायतीकडे असते. तेव्हा मंडळानं परस्पर काही करू नका. तलाठ्याकडून हद्द आणि अतिक्रमण पाहून घ्या, मग ठराव करा. चिंचेचा, सीताफळाचा लिलाव झाला तर पैसा कुठं जाणार, पाणी घालणाऱ्याचा वाटा किती, गवत कोण कापणार, हे त्यात नावानिशी लिहा. "गावाच्या हितासाठी" एवढंच लिहिलेला ठराव पुढच्या मे महिन्यात कुणाला आठवत नाही.

शेळ्यांचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथं मी स्वतः चुकलोय. नोकरीच्या सुरुवातीला एका गावात करंज आणि कडुनिंब लावून काट्याचं कुंपण केलं होतं. आठवड्यात कुंपणाला एका जागी खिंडार पडलं. मी राखणदाराला बोललो. नंतर कळलं, खिंडार पाडणाऱ्या बाईकडे चार शेळ्या होत्या आणि रान गुंठाभरही नव्हतं. तिची चराईच आम्ही बंद केली होती आणि ग्रामसभेत तिला कुणी बोलावलंही नव्हतं. नगरजवळच्या हिवरे बाजारनं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, पण गवत कापून न्यायची मुभा ठेवली. चराई बंद करायची तर कापणी खुली हवी. एकाच वेळी सगळं गायरान अडवू नका. तिसरा हिस्सा घ्या, रोपांच्या ओळींमध्ये चाऱ्यासाठी मारवेल गवत लावा किंवा स्टायलो पेरा, आणि कापणीचा पहिला मान भूमिहीन शेळीवाल्यांना द्या. राखण तेच करतील.

किती झाडं लावायची ते खड्ड्यांवरून नको, टँकरवरून ठरवा. उन्हाळ्यात रोपाला आठवड्याला 10 लिटर धरा. 500 रोपांना 5000 लिटर, म्हणजे ट्रॅक्टरचा एक टँकर. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत वीसेक खेपा. ट्रॅक्टर कुणाचा, डिझेल कुणाचं, विहीर कुणाची आणि ती मार्चनंतर टिकते का? उत्तर दहाच खेपांचं निघालं तर 250 रोपं लावा. राज्यात 2016 साली 2 कोटींपासून सुरू झालेलं लागवडीचं लक्ष्य 2019 ला 33 कोटींवर गेलं. तुमच्या गावाला असल्या आकड्याशी शर्यत लावायची नाही. बुडाला भोक पाडून वात घातलेलं मडकं रोपाशेजारी पुरलंत, तर पाणी बरंच वाचतं.

आता बांधाचं. सावलीची तक्रार खरी आहे, पण सगळ्या बांधांना सारखी लागू नाही. रब्बीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, सावली उत्तरेला पडते. तुमच्या उत्तरेच्या बांधावरचं झाड शेजाऱ्याच्या ज्वारीवर सावली धरतं, भांडण तिथूनच सुरू होतं. दक्षिणेच्या बांधावरचं झाड आपल्याच रानात सावली टाकतं, ती आपण सोसावी किंवा दरवर्षी फांद्या छाटाव्यात. सामाईक बांध असेल तर आधी शेजाऱ्याला विचारा. मुळ्या पिकात शिरतात तिथं बांधालगत दीड-दोन फुटांचा चर मारा.

तोडीची भीतीही निराधार नाही. आंबा, चिंच, जांभूळ, साग, मोह ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या रानातलं असलं तरी परवानगी लागते. ज्याला ही कटकट नको, त्यानं शेवगा, हादगा, सीताफळ लावावं. 2017 च्या दुरुस्तीनं वनाबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्याच्या 'झाड' या व्याख्येतून वगळला आहे. मोठी झाडं लावलीत तर ई-पीक पाहणीत बांधावरची झाडं म्हणून नोंदवा. झाड कुणाचं हा वाद उद्या निघालाच, तर ती नोंद कामी येते.

खड्डे एप्रिल-मेमध्ये दोन फूट लांब, रुंद, खोल घेऊन उन्हात तापू द्या. भरताना वरची माती आणि कुजलेलं शेणखत टाका. अर्धवट कुजलेलं टाकलंत तर वाळवी आलीच म्हणून समजा. रोपवाटिकेत उंच रोप बघून भुलू नका, पिशवीचं बूड तपासा. मूळ आत गोल गुंडाळलेलं असेल तर ते रोप तिथंच ठेवा. आणि एक दशांश रोपं जादा आणून सावलीत जपा, ऑगस्टमध्ये नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरायला लागतातच.