पहिला छर्रा वर जातो म्हणून रेग्युलेटरचा दाब वाढवू नका

तुम्ही लिहिलंय की लेकीच्या सरावाच्या पीसीपी रायफलला (सिलिंडरमध्ये दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या एअर रायफलला) दाब कमीजास्त करता येणारा रेग्युलेटर बसवून आठवडा झाला. दहा मिनिटं थांबून मारलेला पहिला छर्रा वर लागतो आणि पुढचे सगळे त्याच्या खाली एका जागी पडतात. दाब पंधरा बार वाढवा, आपोआप ठीक होईल, असं कुणी तरी तुम्हाला सांगितलं. हे करू नका. दाब वाढवून दोष कदाचित दिसेनासा होईल, पण तो आतच राहील आणि स्पर्धेच्या दिवशी वर येईल.

रेग्युलेटर आत काय करतो ते आधी बघू. सिलिंडरमध्ये 200 बार हवा असते. रेग्युलेटर त्यातली थोडी पुढच्या छोट्या कोठीत, म्हणजे प्लेनममध्ये सोडतो आणि ठरलेला दाब भरला की दार लावून घेतो. दार म्हणजे पिस्टनची दांडी आणि तिच्यासमोरची प्लॅस्टिकची सीट. बशीसारख्या चकत्यांची चळत पिस्टनला सीटपासून लांब ढकलते आणि प्लेनममधली हवा त्याला सीटकडे रेटते. हवा जिंकली की दार बंद. तुम्ही जो स्क्रू फिरवता त्याने चकत्यांवरचा ताण कमीजास्त होतो, बाकी काही नाही.

दार पूर्ण मिटलं नाही तर हवा हळूहळू झिरपत राहते. भराभर मारताना ते कळत नाही. दहा मिनिटं रायफल ठेवली की प्लेनमचा दाब वर सरकतो आणि पहिला छर्रा जास्त वेगानं निघतो. याला क्रीप म्हणतात. तुमचं लक्षण तेच वाटतं. हॅमरची, म्हणजे व्हॉल्व्हवर आपटून तो उघडणाऱ्या ठोक्याची, स्प्रिंग ढिली असेल तर हाच क्रीप नेमका उलटा दिसतो: वाढलेल्या दाबापुढे व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाही आणि पहिला छर्रा हळू जाऊन खाली लागतो. एकच रोग दोन रायफलींत दोन तोंडं दाखवतो, म्हणून नुसतं टार्गेट बघून स्क्रूला हात लावायचा नाही. क्रोनो, म्हणजे छर्र्याचा वेग मोजणारं यंत्र, हवाच. विकत घेणं जमत नसेल तर दोन दिवसांसाठी कुणाकडून मागून आणा.

एवढ्यानं काय बिघडतं, असं वाटेल. हिशेब करा. 175 मीटर प्रतिसेकंद वेगानं 10 मीटर जाईपर्यंत छर्रा साधारण 16 मिलिमीटर खाली येतो. 180 ला 15 च्या आसपास. म्हणजे वेगातल्या 5 मीटर प्रतिसेकंदाच्या फरकानं छर्रा जवळजवळ 0.9 मिलिमीटर वर लागतो. टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा, आणि दशांश गुणांत दर पाव मिलिमीटरला एक दशांश जातो. पोरीनं श्वास, ट्रिगर, नजर सगळं नीट सांभाळलं तरी तीन दशांश तिच्या हातात नाहीत. साठ छर्र्यांच्या सामन्यात ती स्वतःचीच चूक शोधत बसेल. माझा जीव इथे तुटतो. मुलांना वाटतं आपलाच हात हलला.

आज रात्री एवढंच करा. सिलिंडर भरा, दहा छर्रे मारा, रेग्युलेटरच्या दाब दाखवणाऱ्या घड्याळाच्या काचेवर काट्यासमोर बारीक खूण करा आणि रायफल ठेवून द्या. सकाळी काटा बघा, मग क्रोनोवर एक छर्रा, लगेच आणखी नऊ. काटा खुणेपुढे गेला असेल आणि पहिला छर्रा वेगळा असेल तर क्रीप पक्का. त्या इवल्या घड्याळाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, काटा हलला की नाही एवढंच त्याला विचारा. रेग्युलेटर नवा आहे, सीटला दांडीचा ठसा अजून बसायचा असतो. शंभर-दीडशे छर्र्यांनंतर काही क्रीप आपोआप थांबतात. त्यानंतरही राहिला तरच उघडायचं.

उघडण्याआधी नळीत छर्रा नाही हे बघा, सिलिंडर काढा आणि रायफल सुरक्षित दिशेला धरून दोनतीनदा रिकामी चालवा, म्हणजे प्लेनममधली हवा जाईल. एखादा आटा हातानं फिरत नसेल तर आत अजून दाब आहे असंच समजा आणि पाना लावू नका. सीटवर केसाएवढा धातूचा कण किंवा ओरखडा आहे का ते भिंगातून पाहा. निम्म्याहून जास्त वेळा मला कणच सापडलाय. चकत्या काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या. बहुतेक रेग्युलेटरांत त्या एकमेकींकडे तोंड करून जोडीजोडीनं असतात, आणि एक जरी उलटी बसली तरी ठरलेला दाबच बदलतो. मी एकदा ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, कोरडीच आट्यांवरून सरकवली. तिला नखाएवढी चीर पडली आणि बाहेरच्या बारीक भोकातून हवा फुसफुसू लागली. ते भोक चकत्यांच्या खोलीला बाहेरच्या हवेशी जोडतं, तो दोष नसतो. वैतागून मी ते बुजवायला निघालो होतो. बुजवलं असतं तर गळणारी हवा त्या खोलीत साठून पिस्टनला दार लावूच दिलं नसतं आणि प्लेनमचा दाब भलताच चढला असता. भोकातून हवा आली की ओ-रिंग बदलायची. ग्रीस फक्त सिलिकॉनचं, तेही पुसटसं. मशीनचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे उच्च दाबाच्या हवेत पेट घेऊ शकतो, म्हणून तो जवळही ठेवू नका.

क्रीप गेल्यावर मग ट्यूनिंग. रेग्युलेटरचा स्क्रू आहे तिथेच राहू द्या आणि हॅमर स्प्रिंग ढिली करून सुरुवात करा. स्प्रिंग आवळत दर अर्ध्या फेऱ्याला पाच छर्रे मारा आणि सरासरी वेग लिहा. माझ्या रायफलीवर 158, 166, 172, 176, 178 आणि पुन्हा 178 असं आलं. म्हणजे 178 ला पठार लागलं. त्यापुढे स्प्रिंग आवळली तर नुसती हवा वाया जाते आणि आवाज वाढतो. पठारापासून दोनतीन टक्के मागे, म्हणजे 173 च्या आसपास थांबलो. तिथे दाब किंचित हलला तरी वेग फारसा हलत नाही. दहा छर्र्यांत सगळ्यात जलद आणि सगळ्यात हळू यांच्या वेगात 3 मीटर प्रतिसेकंदापेक्षा कमी फरक आला की समाधान माना. पठारच 160 ला लागलं तर मात्र दाब खरंच कमी आहे. तेव्हा रायफल रिकामी करून रेग्युलेटरचा स्क्रू दाब वाढेल असा एक अष्टमांश फेरा फिरवा आणि हॅमरपासून पुन्हा सुरू करा. गरजेपेक्षा जास्त दाब ठेवू नका: 200 बारच्या भरणीत 80 वर लावलेल्या रेग्युलेटरला 120 बार वापरायला मिळतात, 110 वर लावलेल्याला 90 च.

कायद्याचंही लक्षात ठेवा. 0.177 इंच बोअर आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. 0.53 ग्रॅमचा छर्रा 175 नं जातो तेव्हा जेमतेम 8 ज्यूल होतात, 10 मीटरला तेवढे भरपूर.

आपल्या इंदूरच्या हवेचं एक. डिसेंबरच्या सकाळी 10 अंशांत 200 बार भरलेला सिलिंडर मे महिन्यातल्या 42 अंशांत 222 च्या पुढे जातो. रायफल बंद गाडीत ठेवू नका आणि उन्हाळ्यात थोडं कमी भरा. जुलै-ऑगस्टमध्ये हातपंपानं भरत असाल तर मधेमधे थांबा, पंप गार होऊ द्या, पंपात साठलेलं पाणी सोडा. नाही तर ते पाणी सरळ रेग्युलेटरच्या सीटवर जाऊन बसतं.

ओ-रिंग इंदूरच्या सियागंज बाजारात मिळेल. जुनी सोबत न्या, माप तोंडी सांगू नका. साध्या 70 शोअरच्या (शोअर म्हणजे रबराच्या कठीणपणाचं माप) बहुतेक दुकानांत असतात, पिस्टनसाठी 90 शोअरची मागा आणि दोन जास्तीच्या घ्या. सकाळचे दहा आकडे इथे लिहा, मग स्क्रूचं बघू.