रासायनिक शस्त्रांनी माणसाचं काय होतं हे दाखवणारं एखादं युद्धचित्र तुमच्या मनात घर करून राहिलंय का?

राहिलंय. पहिल्या महायुद्धावरचं, चित्रकार जॉन सिंगर सार्जंटचं ‘गॅस्ड’. लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये आहे. उंची साडेसात फूट, लांबी वीस फूट. मोबाइलवर नुसती पिवळट पट्टी दिसते. समोर उभं राहिलं की चित्रातली माणसं जवळपास आपल्याएवढीच असतात, आणि मग पाय हलत नाही.

डोळ्यांवर पट्ट्या बांधलेले नऊ सैनिक एकामागे एक चाललेत, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. त्यांना नेणारे दोन मदतनीस धरून अकरा जण. उजवीकडे तंबूचे ताणलेले दोर, म्हणजे तिथे मलमपट्टीची सोय. खाली दोन्ही बाजूंना तशीच पोरं एकमेकांना रेलून पडलीयत. रांगेतला एक जण बाजूला वळून ओकतोय.

आणि एकाने पाय उचललाय. पुढे पायरी आहे असं त्याला सांगितलंय. पायरी जेमतेम वीतभर असेल, पण याचा गुडघा पार वर.

मला तिथे आजी आठवली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की पूर्वी दोन्ही डोळे बांधून ठेवायचे. तिला घरी आणलं तेव्हा आई म्हणाली, “उंबरा आहे हं,” आणि आजीने अस्साच पाय उचलला होता. आम्ही पोरं हसलो होतो. सार्जंटने हे कल्पनेने काढलेलं नाही, एवढं मी पैजेवर सांगेन.

ब्रिटिश सरकारी समितीने सार्जंटला फ्रान्सला धाडलं होतं ते ब्रिटिश आणि अमेरिकन फौजा खांद्याला खांदा लावून कशा लढतायत ते रंगवायला. वय ६२, आयुष्य श्रीमंतांची पोर्ट्रेट्स करण्यात गेलेलं. २१ ऑगस्ट १९१८ ला आरासजवळच्या एका उपचार-केंद्रावर त्याने मस्टर्ड गॅसने भाजलेल्यांच्या रांगा पाहिल्या आणि ठरलेला विषय मागे पडला. चेहऱ्यांवर जगलेल्या माणसाने चित्र काढलं ते डोळे झाकलेल्यांचं!

या गॅसची गंमत (गंमत कसली म्हणा) अशी, की मुळात तो तेलकट द्रव असतो, कपड्यांत आणि मातीत मुरतो. जर्मनांनी जुलै १९१७ मध्ये बेल्जियममधल्या इप्रजवळ तो पहिल्यांदा वापरला. लागतो तेव्हा फारसं काही जाणवत नाही. काही तासांनी डोळे सुजून मिटतात, अंगावर फोड येतात, घसा आणि श्वासनळी सोलवटते. मुखवटा घातला तरी कातडी उघडीच. मरणारे त्या मानाने थोडे, बहुतेकांना काही आठवड्यांनी पुन्हा दिसायलाही लागे. पण तोवर एकेका आंधळ्यामागे सांभाळायला माणूस हवा, खाट हवी.

माझी तक्रार एकच. चित्र फार देखणं आहे. मावळतीचा सोनेरी उजेड, पट्ट्या स्वच्छ, फोड कुठेच नाहीत. खरं केंद्र याहून कितीतरी घाण असणार. १९१९ मध्ये रॉयल अकादमी या लंडनच्या कलासंस्थेने याला वर्षातलं सर्वोत्तम चित्र ठरवलं, आणि लेखिका व्हर्जिनिया वुल्फला मात्र ते खटकलं. दोघांचंही मला पटतं.

म्युझियमला तिकीट नाही. गेलात तर रांगेतल्या पायांच्या फटींतून मागे बघा. लाल-निळ्या जर्सीतली पोरं फुटबॉल खेळतायत.