बँकॉकमधला एक शनिवार: खरेदी, जेवण, रात्रीची भटकंती आणि त्याआधी कार्डाचं बघा

तुमची पोस्ट वाचली. पाच मैत्रिणी, बँकॉकमध्ये हाताशी एकच मोकळा शनिवार, सकाळी स्वस्तातली खरेदी, संध्याकाळी चांगलं जेवण आणि रात्री रूफटॉप बार नाहीतर क्लब. बाकीच्यांनी मार्केटांची नावं भरपूर दिली आहेत. पण तुम्ही अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय, की गेल्या वेळी दुबईत तुमचं कार्ड दुकानात चाललंच नाही आणि बँक मात्र ‘इंटरनॅशनल चालू आहे’ हेच म्हणत राहिली. त्या ओळीकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण हेच माझ्याबाबतीत बँकॉकमध्ये घडलंय, तेही मैत्रिणींसोबत असताना, रात्री, जेवणाचं बिल समोर असताना.

विमान, हॉटेल, विमा यातलं काही मी लिहीत नाही, ते तुम्ही बघितलं असणारच. मी बँकेत नोकरी करत नाही. जे लिहितेय ते भोगलेलं आणि नंतर नियम वाचून समजून घेतलेलं आहे. नियम बदलतात, निघण्याआधी एकदा तपासाच.

निघण्याआधी मी मुद्दाम शाखेत गेले होते. काउंटरवरच्या अधिकाऱ्यांनी कार्ड घेतलं, संगणकावर काहीतरी केलं आणि म्हणाले, “झालं मॅडम, इंटरनॅशनल ऑन केलंय.” प्रत्यक्षात त्यांनी परदेशातले फक्त ऑनलाइन व्यवहार चालू केले होते. दुकानातलं मशीन, टॅप (म्हणजे कार्ड नुसतं टेकवून पैसे भरणं) आणि एटीएम या तिन्ही गोष्टी बंदच होत्या. ही चार वेगवेगळी बटणं असतात, आणि प्रत्येकाची मर्यादाही वेगळी असते, हे त्यांनी सांगितलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १६ मार्च २०२० पासून नवीन किंवा बदलून मिळालेलं कार्ड सुरुवातीला फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. परदेशी वापर, ऑनलाइन आणि टॅप हे ग्राहकाने मागितल्यावरच सुरू होतं. नियम चांगला आहे, चोरीला आळा बसतो. पण काउंटरवरच्या माणसाने अर्धंच काम करून ‘झालं’ म्हटलं, तर त्याचा भुर्दंड कुणी सोसायचा?

बँकॉकमध्ये हे दिवसभर लक्षातच येत नाही. स्वस्त खरेदीचा सगळा व्यवहार रोख असतो. चतुचकच्या मोठ्या बाजारातले छोटे गाळे, प्रतुनाम भागातले कपडेवाले, रस्त्यावरचे खाऊवाले हे रोख घेतात किंवा त्यांच्या देशातला क्यूआर. आपलं कार्ड पाकिटातून बाहेर येतं ते थेट रात्री, मोठ्या बिलाला. तोपर्यंत रोख संपत आलेली असते आणि भारतात बँका बंद झालेल्या असतात. तिथली वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. त्यात दुसरा किंवा चौथा शनिवार असेल तर शाखा दिवसभर उघडलेलीच नसते.

कार्ड तीनदा नाकारलं गेल्यावर मी बँकेचा टोल फ्री नंबर लावला, तो परदेशातून लागत नाही. परदेशासाठीचा दुसरा नंबर शोधला. तिथे बराच वेळ संगीत ऐकवून मग एकांनी सांगितलं, “ओटीपी आलाय तो सांगा.” ओटीपी भारतातल्या नंबरावर, आणि विमानतळावर थायलंडचं सिम घालताना काउंटरवरच्या मुलीने माझं सिम काढून पाकिटाला टेपने चिकटवून दिलं होतं. आमच्या बँकेचं अ‍ॅपही सिम फोनमध्ये असल्याशिवाय उघडत नाही. हे सांगितल्यावर उत्तर आलं, “मग होम ब्रँचला भेट द्या.” रात्री अकराला, बँकॉकमधून! त्याच रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात लिहिलंय की चालू-बंद करण्याची सोय चोवीस तास आणि अ‍ॅप, नेटबँकिंग, एटीएम, फोन अशा अनेक मार्गांनी द्यायची. मला हे तेव्हा माहीत असतं तर फोनवर ठामपणे सांगता आलं असतं.

बिल एका मैत्रिणीने भरलं. पुढचे सगळे दिवस तीच भरत राहिली, कारण तिचं एकटीचं कार्ड चालत होतं. तिच्या क्रेडिट कार्डावर प्रत्येक व्यवहाराला साडेतीन टक्के आणि वर जीएसटी लागला. परत आल्यावर कुणी कुणाला किती द्यायचे, कोणता दर धरायचा, यावरून जे बोलणं झालं ते आठवलं की अजून वाईट वाटतं. पैसे सगळ्यांनी चुकते केले. पण पुढच्या सहलीचा विषय निघाला तेव्हा ती गप्प राहिली, आणि तिचं काहीच चुकलं नव्हतं.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं. पाचही जणींनी अ‍ॅप उघडून परदेशी वापराची चारही बटणं आणि मर्यादा स्वतः डोळ्यांनी बघा. मर्यादा शून्य असेल तर बटण चालू असून उपयोग नाही. शाखेत करून घेतलं असेल तर नंतर येणारा एसएमएस नीट वाचा, त्यात काय चालू झालं ते लिहिलेलं असतं. भारतातलं सिम फोनमधून काढू नका. त्यावर ओटीपी येण्यापुरतं रोमिंग ठेवा आणि इंटरनेटसाठी ई-सिम घ्या. बँकेचा परदेशातून लागणारा नंबर, प्लस नाइन वनने सुरू होणारा, कागदावर लिहून घ्या. आणि कार्ड रात्रीपर्यंत पाकिटात ठेवू नका, सकाळीच वापरून बघा. बँकॉकच्या एमआरटी मेट्रोच्या ब्लू लाइनवर व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट फाटकावर टॅप करता येतं. चतुचकला तुम्ही त्याच मेट्रोने जाल, म्हणजे टॅपची परीक्षा आपोआप होईल. मग एखाद्या मॉलमधल्या सुपरमार्केटात कार्ड मशीनमध्ये घालून पाण्याच्या बाटल्या घ्या. मशीनने रुपयांत भरायचं की बाटमध्ये असं विचारलं तर नेहमी बाट. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण दर वाईट लागतो.

रोख पैसे एटीएममधून थोडे थोडे काढणं मला पटत नाही. परदेशी कार्डावर तिथली बँक दर वेळी साधारण २२० बाट कापते, वर आपल्या बँकेचं वेगळं. त्यापेक्षा इथून डॉलर न्या आणि शहरात बदला, विमानतळावर टॅक्सीपुरतेच बदला. पाच जणींनी सकाळीच सारखी रक्कम बाजूला काढून एक सामायिक पाकीट करा आणि एकीला खजिनदार नेमा. टॅक्सी, जेवण, पाणी त्यातून, आपापली खरेदी आपापल्या पैशांतून. आम्ही आता असंच करतो.

आता दिवसाबद्दल. चतुचक आणि प्रतुनाम दोन्ही एका दिवसात करायचं तुमच्या मनात दिसतंय. माझ्या मते एकच निवडा. चतुचकचा मुख्य बाजार शनिवार-रविवारी भरतो, पंधरा हजारांवर गाळे आहेत, सत्तावीस विभाग. कम्फेंग फेत स्टेशनवर उतरलात तर थेट बाजाराच्या तोंडाशी निघता. सकाळी नऊ-साडेनऊला पोहोचा, बारानंतर पत्र्याखाली उकडून जीव नकोसा होतो. आवडलेलं तिथेच घ्या. ‘फिरून येऊ’ म्हटलं की तो गाळा परत सापडत नाही. घ्यायचं नसेल तर निदान विभागाचा आणि गल्लीचा नंबर दिसेल असा फोटो काढा. चुकामूक झाली तर मधल्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी भेटायचं ठरवून ठेवा.

पण तुम्हाला कपडेच घ्यायचे असतील तर चतुचक सोडा आणि प्रतुनामला, प्लॅटिनम मॉलमध्ये जा. तिथे वातानुकूलित आहे आणि मुख्य म्हणजे बऱ्याच दुकानांत एका कपड्याचा भाव वेगळा, तीन घेतले की घाऊक भाव वेगळा. तीन एकाच मापाचे किंवा रंगाचे असावे लागतात असं बहुतेक ठिकाणी नाही. पाच जणी एकत्र असण्याचा खरा फायदा इथे आहे. मुंबई-ठाण्याच्या प्रदर्शनांत ‘बँकॉकचा माल’ म्हणून जे टॉप दुप्पट-तिप्पट किमतीला मिळतात, त्यातले कितीतरी इथे टांगलेले दिसतील. घालून बघू देत नाहीत आणि ‘फ्री साइझ’ आपल्या बांध्याला हमखास होतोच असं नाही. म्हणून घरून शिंप्याची टेप न्या, छाती आणि खांदा मोजून घ्या. घासाघीस करताना निम्म्याने मागू नका. हसतमुखाने दहा-वीस टक्के कमी करायला सांगितलं तर करतात, आवाज चढवला की तोंड फिरवतात आणि मग काही केल्या कमी करत नाहीत.

मोठ्या दुकानात ‘व्हॅट रिफंड’ची, म्हणजे पर्यटकांना कर परत मिळण्याची, पाटी असेल आणि एका दिवसात एका दुकानात २,००० बाटच्या वर बिल झालं, तर पासपोर्ट दाखवून फॉर्म त्याच दिवशी तिथेच भरून घ्या. विमानतळावर तो कस्टमच्या खिडकीवर दाखवायचा तो बॅगा देण्याच्या आधी. बाजारातल्या गाळ्यांवर हे विसरा.

जेवणाचं: तुमच्यातल्या दोघी शाकाहारी आहेत असं लिहिलंय. रस्त्यावरच्या भाजीतही माशांचा रस, नाम प्ला, असतो. सोम तममध्ये, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत, सुकी कोळंबी असते. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेलं दुकान दिसलं तर निर्धास्त खा, तिथे मांस-मासे नसतात, कांदा-लसूणही नसतो. संध्याकाळी याओवारात, म्हणजे चायनाटाउन, मला फार आवडतं. वट मंगकोन स्टेशनवरून चालत जाता येतं. मासे खाणाऱ्यांनी तिथे मनसोक्त खावं आणि शाकाहारी मैत्रिणींसाठी शेजारच्या पाहुरातमध्ये, गुरुद्वाऱ्याच्या आसपास, भारतीय जेवण मिळतं. भांडण नको असेल तर असोकचं टर्मिनल ट्वेंटी-वन आहे. वरच्या फूड कोर्टात स्वस्त आणि स्वच्छ मिळतं, पैसे भरलेलं कार्ड घ्यायचं आणि उरलेले परत घ्यायचे.

त्यानंतर हॉटेलवर जा. पिशव्या घेऊन आणि चपला घालून रूफटॉपला गेलात तर दारातूनच परत पाठवतील. मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतील तर दहा टक्के सेवाशुल्क आणि त्यावर सात टक्के व्हॅट धरा, हजाराचे १,१७७ होतात. एक-एक पेय घेऊन नजारा बघा आणि निघा, जेवण तिथे नको. क्लबमध्ये वय किमान वीस लागतं आणि काही ठिकाणी मूळ पासपोर्टच मागतात. १५ डिसेंबर २०२३ पासून बँकॉकमध्ये परवानगी असलेल्या काही ठिकाणी पहाटे चारपर्यंत चालू असतं, पण मेट्रो आणि स्कायट्रेन मध्यरात्रीच्या सुमारास बंद होतात. तेव्हा ग्रॅब किंवा बोल्ट या अ‍ॅपवरच्या टॅक्सीने जा, क्लबबाहेर उभी असलेली टॅक्सी मीटरवर यायला सहसा तयार नसते. पटपाँग या बारच्या गल्लीत कुणी ‘फक्त शंभर बाट’ म्हणून जिन्याने वर बोलावलं तर बायकांच्या घोळक्यानेसुद्धा जाऊ नये. निघताना भलतंच बिल हातात देतात आणि दार अडवतात. अडचण आली तर पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५.

बँकेचं पुन्हा काही बिनसलंच तर परत आल्यावर सोडून देऊ नका. लेखी तक्रार करा, तक्रार क्रमांक घ्या, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जा, फी लागत नाही. मी केली होती. बँकेने भरपाई म्हणून काही दिलं नाही, पण चूक शाखेची होती हे लेखी आलं, आणि ते पत्र मी त्या मैत्रिणीला पाठवलं.

आणखी दोन गोष्टी. थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड १ मे २०२५ पासून भरावंच लागतं. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि ते फुकट आहे, पैसे मागणारी वेबसाइट सरकारी नव्हे. आणि कुणाच्या पर्समध्ये व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, असेल तर तो घरीच ठेवायला सांगा. तिथे त्यावर बंदी आहे, आणि रात्री रस्त्यावर पोलीस पर्यटकांच्या बॅगा तपासतात.